गाडीचं कपाळ

मला लहानपणापासून एक खोड हाय. कुणी काही करताना दिसलं की तिथं जाऊन उभं राह्यचं अन् विचारायचं, हे असं का अन् ते तसं का. भाताच्या पातेल्यावरचं झाकण का उडतं, हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट का लागतं, न्हाव्याचा वस्तरा दगडावर घासल्यानं बोथट का होत न्हाई. माहेरी यापायी लई बोलणी खाल्ली. दुसरी खोड रागाची. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा, अन् तोंडाला लगाम न्हवता. एका दिवशी, एकाच रस्त्यावर, पहिल्या खोडीनं मला तारलं अन् दुसरीनं मला माझीच लाज आणली.

आमचं घर वडीगोद्रीला. मालक, म्हणजे माझे यजमान, फौजेतून सुटून आल्ते. मोठ्या लढाईत ते मोटारसायकलवरून निरोप पोचवायचं काम करायचे. गावी आल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेला सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं, अन् फौजेनं मोडीत काढलेली एक विलायती मोटारसायकल कुठूनशी आणून तिचा खिळा न् खिळा सुटा करून परत जोडली. आसपासच्या दहा गावांत तशी गाडी न्हवती. रोज सकाळी फडकं घेऊन ते तिला पुसायचे. फौजेची शिस्त. धुळीचा कण राहू द्यायचे न्हाईत. "इतक्या मायेनं माझ्याकडं कधी बघितलं न्हाई," मी म्हणायचे, तर नुसते हसायचे.

घरात तिसरं माणूस म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. धनगराघरची बाई, निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. मामंजी वारले, मेंढरं विकली, अन् आत्याबाई एका जागी बसल्या. बसणं त्यांना मानवत न्हवतं. कमरेला एक लहानगी पिशवी कायम असायची, तिच्यात भंडारा, म्हणजे देवाची हळद. मोटारसायकल त्यांना बिलकुल आवडत न्हवती. "जनावर थकलं तर मान टाकतं, कळतं तरी. ह्या लोखंडाचं काय कळतंय?" म्हणायच्या अन् गाडी अंगणात असली की लांबून जायच्या.

निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावोगाव शाळा निघून राह्यल्या होत्या अन् मास्तरणी मिळत न्हवत्या. सातवीची फायनल पास झालेली बाई दिसली की तिला घरून बोलावून नेत. माहेरी माझं शिक्षण पाचवीत थांबलं होतं. मालकांनी पुस्तकं आणून दिली, अन् मी भाकऱ्या थापता थापता, पुढं लेकरू झाल्यावर त्याला पायावर घेऊन, दोन वर्षं अभ्यास केला. आत्याबाईंना ते मान्य न्हवतं. शेवटी एक दिवस त्यांनी निवाडा केला. "यंदाचं एक साल. एकच बारी. पास झाली तर झाली, न्हाई तर पुस्तकं चुलीत घालायची अन् परत नाव काढायचं न्हाई." मालक बी 'बराबर हाय' म्हणून बसले. आईपुढं ते कधी बोलायचे न्हाईत.

त्या दिवसापासून आत्याबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. लेकराला घ्यायच्या, न्हाऊ घालायच्या, पण मला म्हणून एक शब्द न्हाई. काही सांगायचं असलं तर लेकराला सांगायच्या: "आईला म्हणावं, दूध उतू चाललंय." मी बी कमी न्हवते. मी बी लेकरालाच म्हणायचे, "आज्जीला म्हणावं, दिसतंय मला."

परीक्षा जालन्याला. चार दिवस, रोज एक पेपर, अकराचा ठोका. लेकरू आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं, म्हणून तिकडं मुक्काम करणं शक्य न्हवतं. प्रवाशांची मोटर जायची, ती दुपारी पोचायची. मंग ठरलं, मालकांनी रोज मोटारसायकलवर न्यायचं अन् आणायचं. अर्धा तास उशीर चालंल, त्याच्यापुढं फाटक बंद, असा नियम होता.

पहिल्या दिवशी मराठीचा पेपर. अंबड गेलं, गोलापांगरी गेलं, दहाच्या आत आम्ही जालन्यात. मी मागं एका बाजूनं बसलेली, मांडीवर दप्तर अन् भाकरीचा डबा, पदर दातात धरलेला. रस्त्यानं बैलगाड्यांतली माणसं माना वळवून बघायची. मला तर गुदगुल्या होऊन राह्यल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गणित. अंबड सोडून थोडं पुढं गेलो अन् गाडी खोकली, दोन गचके दिले अन् थांबली. मालकांनी किक मारली. परत मारली. दहा-बारा किका मारल्या. काही न्हाई.

"काय झालं?" मी विचारलं.

"बघू दे तर."

"पण बघणार काय?"

माणूस शांत. त्यांनी गाडी उभी केली अन् मला समजावून सांगितलं, जसं फौजेत त्यांना सांगितलं असंल. "गाडीला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी अन् हवा. तिन्ही असतील तर ती चालू झालीच पाहिजे. न्हाई झाली तर तिन्हींतलं काहीतरी कमी हाय. एकेक बघायचं."

मला ते लई आवडलं. अंगणातल्या भांडणाचा निवाडा असा कुणी करत न्हाई. मी खाली उतरून शेजारी उभी राह्यले. त्यांनी टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं. प्लग काढला, तर काळा झालेला. तो घासला, फुंकला, परत बसवला, किक मारली, अन् गाडी चालू! "प्लगच होता," मालक म्हणाले. अकराला पाच मिनिटं असताना मी आत शिरले.

येताना परत तेच. तसंच खोकणं, तसंच थांबणं. झाकण उघडून बघितलं, पेट्रोल होतं. आता प्लग तर स्वच्छ. मंग त्यांनी कार्बोरेटर खोलला, त्यातलं सुईएवढ्या भोकाचं जेट काढून फुंकलं. चालू झाली. "जेटमध्ये कचरा होता," म्हणाले. घरी येऊन त्यांनी दिवेलागणीपर्यंत सगळं खोललं, धुतलं, जोडलं. अंगणात उभी करून चालवली, तर शहाण्यासारखी चालली.

तिसरा दिवस विज्ञानाचा. माझा जीव की प्राण असलेला विषय. मालकांनी डब्यातलं पेट्रोल ओतून टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी पुसली अन् आम्ही निघालो. अंबडच्या अलीकडंच थांबली. झाकण उघडलं, पेट्रोल होतं, प्लग बघितला, वायर आवळली, चालू झाली. अंबडच्या पुढं थांबली. झाकण, पेट्रोल, वायर, चालू. गोलापांगरीच्या अलीकडं एका बाभळीपाशी तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मालकांच्या मनगटावरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन वर्षांचा अभ्यास, चुलीपुढं पाठ केलेले धडे, सगळं त्या रस्त्यावर सांडून राह्यलं होतं. पेपर गेला म्हणजे फायनल गेली, अन् फायनल गेली म्हणजे पुस्तकं चुलीत. मी दप्तर खाली आपटलं.

"हे तुमच्या आईचं काम हाय!" मी ओरडले. "त्यांनीच काहीतरी केलंय. मी पास झालेली त्यांना नकोच हाय. अंगणात येता-जाता गाडीकडं कसं बघतात, मी बघितलंय. दृष्ट लावली मेलीला!"

मालक प्लग पुसत होते. तोंड वर न करता म्हणाले, "आई गाडीला हात बी लावत न्हाई. तू बस सावलीत."

सावलीत बसते ती मी कसली. पाच मिनिटं फणफणले अन् मंग पहिली खोड वर आली. राग आला तरी डोळे बघतच होते. मी जवळ गेले.

"ठिणगी हाय?"

"हाय. हे बघ." प्लग इंजिनाला टेकवून त्यांनी किक मारली. निळी ठिणगी तडतडली.

"हवा?"

"जाळी काल धुतली."

"मंग पेट्रोल."

"टाकी भरून हाय गं! सकाळी तुझ्यासमोर भरली."

"टाकीत हाय. खाली येतंय का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. कार्बोरेटरपाशी नळी काढली, मी भाकरीच्या डब्याचं झाकण खाली धरलं, त्यांनी टाकीखालची तोटी, म्हणजे कॉक, फिरवला. दोन-चार थेंब पडले अन् बंद. "नळी तुंबली!" त्यांचा चेहरा उजळला. नळी सोडवून त्यांनी फुंकली, तर वारं सरळ पलीकडं माझ्या तोंडावर आलं. तरी दोनदा फुंकली. मंग टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, नळी जोडली, कॉक फिरवला, अन् पेट्रोल धो धो वाहायला लागलं.

"झालं," ते म्हणाले. "फुंकल्यानं मोकळी झाली."

"ती मोकळीच होती," मी म्हटलं. "वारं माझ्या तोंडावर आलं की."

"आता काय वाद घालती? चल, बस जल्दी."

"थांबा. काल प्लग घासला, चालू झाली. येताना जेट फुंकलं, चालू झाली. आज वायर आवळली, चालू झाली. आता नळी. दर बारीला तुम्ही वेगळंच काही केलं. मंग दर बारीला चालू कशी झाली? अन् थोडं जाऊन परत बंद का झाली?"

"तूच सांग."

"दर बारीला एक गोष्ट मात्र तीच केली. झाकण उघडून आत बघितलं."

मालक हसले. आत वाकून बघितल्यानं गाडी कुठं चालू होती का, असं ते हसणं होतं. मी हसण्याच्या मनःस्थितीत न्हवते. "झाकण लावा घट्ट," मी म्हटलं, "अन् कॉक चालू ठेवा."

त्यांनी लावलं, मला गप्प करायला म्हणूनच लावलं. पेट्रोलची धार आधी बोटाएवढी होती. ती दोऱ्याएवढी झाली. मंग तुटक तुटक. मंग थेंब. मंग बंद. आम्ही दोघं त्या डब्याच्या झाकणावर वाकून बघत होतो. मी हात लांब करून टाकीचं झाकण फिरवलं. आतून सुस्स असा आवाज झाला अन् धार परत आली.

"आगं माय!" माझ्या तोंडून निघालं. अंगावर काटा आला. पेपर बिपर त्या घडीला मी विसरून गेल्ते.

मला आमचा तेलाचा डबा आठवला. लग्न होऊन आले त्या साली मी नव्या डब्याला खिळ्यानं एक भोक पाडलं अन् उपडा धरला, तर तेल गुडगुड करी अन् थांबी. तेव्हा आत्याबाईंनी डबा माझ्या हातातून घेतला अन् समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. "एकातून तेल भाईर येतं, दुसऱ्यातून वारं आत जातं. वारं आत गेलं न्हाई तर तेल भाईर कसं येईल, खुळे?" तेव्हा त्या माझ्याशी बोलायच्या.

मी ते सांगितलं, अन् मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. "झाकणाला भोक असतंय की! वारं जायला. एवढी वर्षं गाडी चालवतो, ते कधी बुजलं न्हाई, म्हणून ध्यानातच न्हाई." त्यांनी झाकण उलटंपालटं करून बघितलं. वरून लखलखीत पुसलेलं. भोक कुठं दिसेना. बोटानं चाचपलं तेव्हा मधोमध एक खळगी लागली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी बाभळीचा एक काटा मोडून दिला. त्यांनी तो खळगीत घालून फिरवला, दाबला, अन् आतून मेणासारखं काहीतरी निघालं.

पिवळं होतं. मी बोटावर घेऊन वास बघितला. तीळतेल अन् हळद.

"भंडारा," मी म्हटलं.

"असंल. तू लावती तो."

"मी? मी कशाला लावू?"

मालक माझ्याकडं बघत राह्यले. "रोज सकाळी झाकणावर टिळा दिसायचा. तुझी परीक्षा हाय, तूच लावत असशील म्हणून बोललो न्हाई. नुसता पुसून काढायचो." म्हणजे पुसता पुसता मालकच फडक्यानं तो चिकट गोळा भोकात चोळून बसवत होते, रोज थोडा थोडा.

घरात मोठी माणसं तीन. मी लावला न्हाई, त्यांनी लावला न्हाई. अन् भंडाऱ्याची पिशवी एकीच्याच कमरेला.

मी बाभळीच्या बुडाशी खाली बसले. हे तुमच्या आईचं काम हाय, असं मी अर्ध्या घटकेपूर्वी त्या रस्त्यावर ओरडून सांगितलं होतं, अन् ते त्यांचंच काम निघालं. मला इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. सहा महिने अबोला धरलेली बाई, गाडीच्या वाऱ्याला न उभी राहणारी बाई, पहाटे उठून त्या लोखंडाला टिळा लावत होती, आम्ही धड पोचावं म्हणून. अन् मी काय काय बोलले!

"ऊठ," मालक म्हणाले. "रडायला टाइम न्हाई." त्यांनी टाकीचं झाकण लावलं अन् किक मारली.

गाडी मंग कुठं थांबली न्हाई. फाटकाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिपाई नको म्हणून राह्यला होता. मी नियम त्याच्या तोंडावर फेकला अन् आत शिरले. सारखं वाटत होतं, आज हवेच्या दाबावर प्रश्न येणार, अन् मी असं उत्तर लिहीन की तपासणारा उठून उभा राहील. कशाचं काय! बेडकाची आकृती काढा, असं आलं. काढली. पाय जरा लांब झाले.

येताना रस्त्यात मालक म्हणाले, "आईला सांगतो, झाकणाला लावत जाऊ नको म्हणून."

"तुम्ही काही सांगू नका," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं तर त्यांना वाटंल, गाडी आपल्यामुळं बंद पडली. परत कशालाच लावायच्या न्हाईत. मी बघते."

बघते म्हटलं खरं, पण कसं बघायचं ते कळत न्हवतं. घरी आले तर आत्याबाई लेकराला घेऊन उंबऱ्यात बसलेल्या. पेपर कसा गेला हे विचारलं न्हाई. "आईला म्हणावं, आज मी लई रडलो," एवढं लेकराला सांगितलं अन् त्याला माझ्याकडं दिलं. तोंडाला लगाम नसलेली मी, त्या दिवशी मला एक शब्द सुचला न्हाई.

चौथ्या दिवशी मी पहाटेच उठून दाराआड उभी राह्यले. कोंबडा आरवला अन् आत्याबाई अंगणात आल्या. हातात देवापुढची तेलाची वाटी. गाडीपाशी जाऊन त्या जरा थांबल्या, नव्या बैलाजवळ थांबतात तशा. पदर सावरला, तेलात बोट बुडवलं, पिशवीतल्या भंडाऱ्यात घातलं, अन् टाकीच्या झाकणाकडं हात नेला.

"आत्याबाई, तिथं नका."

त्या दचकल्या. वाटीतलं तेल हिंदकळलं. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं, अन् मंग ती चोरी लपवायला त्या माझ्यावर चिडल्या. सहा महिन्यांनी पहिल्यांदा सरळ मला म्हणाल्या, "का? बाटती का तुझी गाडी?"

"बाटत न्हाई. तिथं तिचं वारं घ्यायचं भोक हाय. तेलाच्या डब्याला दुसरं भोक असतं, तसं."

त्यांनी वाकून बघितलं. डब्याची गोष्ट त्यांना सांगायची गरज न्हवती. काल काय झालं असंल ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं, कारण त्यांचा हात खाली गेला अन् त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "म्हणून तू उशिरा पोचली का?"

"पोचले ना पण."

"मेंढरं घेऊन निघताना पुढच्या मेंढीच्या कपाळाला लावायचो. न लावता एकदा बी निघालो न्हाई. ह्या मेलीला तोंड न्हाई, कपाळ न्हाई. मला तेच कपाळ वाटलं." मंग एकदम आवाज चढवून, "पास-नापास तुझं तू बघ. मला काय त्याचं? पोरगं अन् सून दोघं तिच्यावर बसून जातात, मी नुसतं बघत बसू का?"

"नका बसू."

"मंग कुठं लावू?"

त्यांचं पिवळं बोट तसंच वर धरलेलं होतं. मी पदर मागं सारला अन् त्यांच्यापुढं वाकले. "मला लावा."

आत्याबाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली. मंग त्यांनी एका बोटानं न्हाई, आख्ख्या तळव्यानं भंडारा घेतला अन् माझ्या कपाळाला असा फासला की डोळ्यांत गेला. "हालू नको," म्हणाल्या. "लई हालती."

मी पुढं पास झाले अन् शाळेत लागले, ते सगळं नंतरचं. त्या दिवशी भूगोलाचा पेपर होता, अन् जालन्यात ऊन असं की खोलीत बसून घाम निथळत होता. नद्यांची नावं लिहिता लिहिता कपाळावरून एक थेंब ओघळला अन् उत्तरपत्रिकेवर पडला. चांगला रुपयाएवढा पिवळा डाग. देखरेखीच्या बाई चकरा मारत माझ्यापाशी थांबल्या. "हे काय सांडलं गं?" म्हणाल्या अन् टिपकागद पुढं केला.

मी उत्तरपत्रिकेवर हात आडवा धरला.

"सासूनं लावलंय," मी म्हटलं. "पुसू नका."